मुलाखतीच्या वीस गुणांचा हिशोब कोण देणार? (सातारा-सांगलीतली छोटी सरकारी भरती)

सातारकर_अभी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो. लांबलंय, पण जमलं तर पूर्ण वाचा.

आमच्या गावचं पोलीस पाटील पद यावेळी महिलेसाठी राखीव निघालं. तालुका मुद्दाम लिहीत नाही. माझ्या वहिनीने फॉर्म भरला. बी.ए. झालेली, दोन लेकरं, गोठ्यात म्हसरं, आणि रात्री सगळं आवरल्यावर स्वयंपाकघरातच पाट मांडून अभ्यास करायची. लेखी ८० गुणांची, तोंडी २०. लेखीत वहिनीला ७० पडले, गावातल्याच दुसऱ्या ताईंना ५८. बारा गुणांचा फरक म्हणजे काम झालंच असं सगळे म्हणायला लागले, भावाकडं पेढे मागितले लोकांनी.

मग मुलाखत झाली. शिक्षण किती, घरी कोण कोण, आणि गावात बेवारस मयत सापडली तर पहिलं काय करायचं. वहिनीने सांगितलं की जागा हलू द्यायची नाही, माणसं लांब ठेवायची, ठाण्याला लगेच कळवायचं आणि पंचनाम्याला हजर राहायचं. साहेब "ठीक आहे" म्हणाले, पाच मिनिटांत बाहेर. अंतिम यादीत वहिनीला तोंडीला ५, एकूण ७५. समोरच्या ताईंना तोंडीला १८, एकूण ७६.

त्या ताईंबद्दल माझी काही तक्रार नाही, चांगल्या आहेत, उद्या काम पण नीट करतील. पण यादी लागायच्या आधीच पारावर त्यांचं नाव फुटलेलं होतं. त्यांचे सासरे कुणाचे कार्यकर्ते आहेत हे गावातल्या शेंबड्या पोराला माहितीय. आणि वहिनीला ५ कशाचे दिले, काय चुकलं, हे सांगणारा एक कागद कुणाकडं नाही.

आपण सगळे पेपरफुटीवर बोलतो. बोललंच पाहिजे, २०२१ ला आरोग्य भरतीचा पेपर फुटला, म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री पुढं ढकलावी लागली, टीईटीमध्ये, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, साडेसात हजारांच्या वर उमेदवार गैरप्रकारात निघाले. तिथं निदान गुन्हा दाखल होतो, अटक होते, पेपरात येतं. या तोंडीच्या वीस गुणांत पेपर फुटत नाही, पैसे सापडत नाहीत, कुणी पकडलं जात नाही. फक्त एक फोन येतो आणि ५ चे १८ होतात.

पोलीस भरती बघा. मैदान ५० गुणांचं, लेखी १००, मुलाखतच नाही. सोळाशे मीटर पळताना पायाला चिप असते, वेळ मशीन धरतं. आमच्याकडं पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं म्हणूनच जीव तोडून पळतात, त्यांना माहितीय की सेकंद कुणाच्या सांगण्यावरून कमी होत नाहीत. मग गावपातळीवरच्या पदाला पाचवा हिस्सा गुण दोन-चार माणसांच्या मर्जीवर का? आणि मुलाखत हवीच असेल तर तिचं रेकॉर्डिंग का नको?

कुणाचा असा अनुभव आहे का, आणि यावर खरंच काय करता येतं, ते सांगा.

वाळव्याचा_बंडा

भावा अगदी मनातलं बोललास. आधी मानधन ६,५०० होतं तेव्हा कोण विचारत नव्हतं, २०२४ ला १५,००० चा निर्णय झाला आणि लगेच पुढाऱ्यांना पोलीस पाटील पदाची आठवण झाली. पण नुसता पैशाचा विषय नाही बघ. गावात काय चाललंय हे ठाण्याला कोण सांगणार, भांडणात कुणाचं नाव पहिलं जाणार, पंच म्हणून कोण उभा राहणार, निवडणुकीत कुणावर लक्ष ठेवायचं, हे सगळं त्या एका माणसाच्या हातात असतंय. म्हणून साहेबांना तिथं आपला माणूस लागतो.

जतकर_सुवर्णा

अभिदादा, तुमच्या वहिनींना निदान ७० आणि ५ हे आकडे तरी कळले. मी सांगली जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात डेटा एन्ट्री करते, एजन्सीमार्फत. आमच्याकडं आकडेच नसतात.

मी कशी लागले ते खरं सांगते. जाहिरात नव्हती. कार्यालयाने एजन्सीला सांगितलं इतकी माणसं द्या. एजन्सीवाला मुंबईचा, त्याला जत कुठं आणि आटपाडी कुठं हे माहीत नाही, तो माणसं कुठनं आणणार? नावांची यादी पुढाऱ्याच्या बंगल्यावरनं आली. माझ्या मामांनी तिथं शब्द टाकला होता म्हणून माझं नाव त्यात. टायपिंग माझं चांगलं आहे, दोन्ही सर्टिफिकेट आहेत, पण ती कुणी मागितलीच नाहीत. माझ्याबरोबर लागलेल्या एकाला कीबोर्डवर अक्षरं शोधावी लागतात, त्याचं काम पण मीच करते, आणि बोलायची सोय नाही, कारण मी पण त्याच यादीतून आले.

आणि लागलं म्हणजे सुटलो असं नाही ओ. अकरा महिन्यांनी ऑर्डर संपते. नवीन ऑर्डर यायच्या टायमाला बरोबर साहेबांचा वाढदिवस नाहीतर सभा असते, "सगळ्यांनी यायचंय" असा ग्रुपवर मेसेज. सुट्टी टाकून जावं लागतं. गेल्या निवडणुकीत आमच्यातल्या तिघीजणी घरोघरी स्लिपा वाटत फिरल्या. पगार सरकारच्या तिजोरीतला आणि माणसं बंगल्याची. एजन्सी आपलं कमिशन कापून घेते ते वेगळंच.

कायम भरतीत निदान आरक्षण असतं, बिंदुनामावली म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची याचा तक्ता असतो, प्रतीक्षा यादी असते. आमच्यात त्यातलं काहीच नाही, मग आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, टाकून मागायचं तरी काय?

सातारकर_अभी

सुवर्णाताई, हे उघडपणे लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. मला वाटतं माझ्या वीस गुणांपेक्षा मोठं भोक तुम्ही दाखवलंय. सप्टेंबर २०२३ चा तो जीआर आठवतोय का सगळ्यांना, नऊ एजन्सी नेमून सरकारी कामाला कंत्राटी माणसं घ्यायचा? गावोगावी पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबरमध्ये तो रद्द केला. आम्हाला वाटलं जिंकलो. पण कार्यालयाकार्यालयात बाह्यस्रोताची माणसं आधीही होती आणि नंतरही राहिली.

कार्यकर्ता_कोरेगाव

मी एका पक्षाचं काम करतो, कुठला ते महत्त्वाचं नाही. दुसरी बाजू पण ऐका.

सकाळी सात वाजता आमच्या पुढाऱ्याच्या, म्हणजे साहेबांच्या, दारात माणसं बसलेली असतात. त्यातली निम्मी पोराच्या नोकरीसाठी. बायोडाटा, जातीचा दाखला, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून म्हातारी माणसं एसटीनं येतात. त्यांना "मेरिटवर होईल, घरी जा" म्हटलं तर बाहेर जाऊन काय बोलतात माहितीय का? "मत मागायला आले की सांगतो." मग साहेब पत्र देतात. एकाच जागेसाठी चार-चार जणांना पत्रं दिलेली मी बघितलीत, प्रत्येकाला वाटतं माझंच काम होणार. त्या पत्राला कार्यालयात काडीची किंमत नसते.

लोकांनी मागणं बंद करावं, आम्ही देणं बंद करतो. सगळा दोष पुढाऱ्यावर ढकलणं मला पटत नाही.

वाळव्याचा_बंडा

पत्राला किंमत नाही हे खरंय दादा, पण फोनला आहे का नाही ते सांगा की. पत्र सगळ्यांना आणि फोन एकासाठी, असंच चालतंय ना?

कार्यकर्ता_कोरेगाव

फोन होतात. नाही म्हणणार नाही.

निवृत्त_अव्वल_कारकून

माझी सगळी नोकरी महसूलमध्ये गेली, आता निवृत्त आहे, म्हणून चार गोष्टी अनुभवाच्या सांगतो. वरच्या दोघांचंही बरोबर आहे.

पत्र आलं की ते टपालात जातं. आवक नोंदवहीत नंबर पडतो, तारीख पडते, कुणाकडनं आलं आणि विषय काय हे लिहिलं जातं. पूर्वी विषयात सरळ "अमुक यांची नियुक्ती होणेबाबत" असं यायचं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. कार्यालयातले साहेब त्यावर "नियमानुसार कार्यवाही करावी" असा शेरा मारायचे आणि कागद फाईलला लागायचा. तो शेरा सगळ्यांनाच बरा पडतो. पत्र देणाऱ्याला सांगता येतं की मी दिलं, साहेबांना सांगता येतं की मी नियमानंच केलं.

गडबड होते ती गुणपत्रकात. समितीत प्रत्येक सदस्याने स्वतंत्र कागदावर गुण द्यायचे, मग बेरीज, सरासरी, असं व्हायला पाहिजे. मी असे ठिकाण बघितलेत जिथं सदस्यांनी पेन्सिलनं गुण मांडले आणि शाईनं नंतर भरले. काही ठिकाणी सदस्यांनी कोऱ्या तक्त्यावर सह्या केल्या आणि आकडे संध्याकाळी बसून टाकले. लेखीची यादी समोर असते, किती फरक भरून काढायचा हे दिसत असतं, त्यामुळं एकाला १८ आणि एकाला ५ हे गणित उलटं मांडूनच येतं. अभी, तुझ्या वहिनीच्या यादीत बाकीच्या उमेदवारांना तोंडीला किती पडलेत ते बघ. सगळे नऊ ते बाराच्या मध्ये आणि हे दोघंच टोकाला असतील, तर तो कागदच बोलतो.

आणि एक मनापासून सांगतो. फोन न मानणारे अधिकारी मी बघितलेत. त्यांची वर्षभरात बदली झाली, कुणाची दोनदा झाली. खाली आम्ही सगळे हे बघत होतो, मग पुढचा माणूस फोन आल्यावर काय करणार? भरतीतला वशिला आणि बदलीतला वशिला वेगळे काढून बोलता येणार नाही. बदल्यांचा कायदा २००५ चा आहे, त्यात तीन वर्षांचा कालावधी सांगितलाय, पण मुदतपूर्व बदलीची वाट पण ठेवलेली आहे, आणि सगळी वर्दळ त्याच वाटेनं होते.

तासगाव_एक्सप्रेस

दलालांचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो, कारण आमच्या भावकीतलं एक घर यात साफ बसलं.

तलाठी भरती २०२३ ची. राज्यात साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांच्या वर अर्ज, फी एक हजार, राखीवला नऊशे. एकजण आला, म्हणाला मंत्रालयात ओळख आहे, काम नाही झालं तर पैसे परत. या "पैसे परत" वर लोक फसतात. त्याचं तंत्र समजून घ्या. तो पंचवीस जणांकडून घेतो आणि कुणासाठी काहीही करत नाही. पंचवीसातली एक-दोन हुशार पोरं आपल्या अभ्यासावर निघतात, त्यांचे पैसे हा ठेवतो, बाकीच्यांना थोडे थोडे परत करतो, म्हणजे पोलिसात कुणी जात नाही. आणि जी पोरं स्वतःच्या मेहनतीवर लागली ती पण जन्मभर समजतात की आपलं काम पैशानं झालं! भावकीतल्या पोराचं झालं नाही, जमीन गहाण पडली, पैसे अजून पूर्ण आले नाहीत. तक्रार करायची तर लाच दिली हे आधी स्वतः कबूल करावं लागतं.

त्याच भरतीत गुण २०० पैकी २१४ आले म्हणून केवढा गदारोळ झाला. परीक्षा खूप सत्रांत झाली होती, सामान्यीकरणाचं, म्हणजे सोप्या-अवघड पेपरांचे गुण एका पातळीवर आणायचं, सूत्र लावल्यावर गुण दोनशेच्या वर जाऊ शकतात असं स्पष्टीकरण आलं. गणित असेलही बरोबर. पण ते आधी समजावून सांगितलं नाही, आणि लोकांचा विश्वास आधीच उडालेला, मग सगळ्यांनी धरून चाललं की सेटिंगच आहे. दलालांचं दुकान या अविश्वासावरच चालतं.

मास्तर_कडेगाव

खाजगी अनुदानित शाळांचं थोडक्यात लिहितो. पगार सरकारी, नेमणूक संस्थेची, आणि संस्था बहुतेक ठिकाणी पुढाऱ्याची. डोनेशनचा रेट काय होता हे इथल्या प्रत्येक डीएड-बीएडवाल्याला पाठ आहे. शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल आल्यावर बराच फरक पडला, हे मान्य करायलाच पाहिजे, गरीबाघरची पोरं गुणांवर लागली. पण संस्थांना मुलाखतीसह निवडीचा पर्याय राहिला, म्हणजे परत तेच अभीचं दुखणं. आणि २०२५ ला नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं (शिक्षकाचा सरकारी पगार ज्या नंबरावर निघतो तो) प्रकरण निघालं, भरतीच न होता मागच्या तारखांनी शिक्षक तयार झालेले. हे वाईट जास्त वाटतं कारण आपला हा भाग कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांचा. काले गावात १९१९ ला त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची सुरुवात झाली, कमवा आणि शिका म्हणत पोरं स्वतःच्या कष्टावर शिकली. त्याच भागात पोरगं शिकून उभं राहिलं की बाप विचारतो, आपली ओळख कुणाकडं आहे का.

मिरजेचा_वकील

कायद्याचं बोलतो, जमेल तेवढं सोपं करून.

सार्वजनिक नोकरीत समान संधी हा संविधानाच्या कलम १६ चा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही. मुलाखतीच्या गुणांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढं फार जुना आहे. १९८५ चं अशोक कुमार यादव विरुद्ध हरियाणा प्रकरण बघा. तिथं लोकसेवा आयोगाच्या सदस्यांचे नातेवाईक निवडले गेल्याचा आरोप होता. न्यायालयाने सांगितलं की नातेवाईक उमेदवार असेल तर त्याच्या मुलाखतीच्या वेळी त्या सदस्याने बाजूला व्हायचं, आणि तोंडीचा वाटा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत १२.२ टक्क्यांच्या वर नको. आता लगेच म्हणू नका की २० टक्के म्हणजे बेकायदेशीर, प्रत्येक पदाचे नियम वेगळे असतात आणि न्यायालय ते पदानुसार बघतं. पण युक्तिवादाला हा मोठा आधार आहे.

अभी, तुझ्या कामाचा निकाल हा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुणे जिल्हा न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिक भरतीच्या प्रकरणात सांगितलं की निवड झालेल्या इतर उमेदवारांचे गुण माहिती अधिकारात देता येतात, मुलाखतीचे धरून. सार्वजनिक भरतीतले गुण ही कुणाची खाजगी बाब म्हणून झाकून ठेवता येणार नाही, असा त्याचा अर्थ. मात्र एक लक्षात ठेव, २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललंय, सूट मोठी झालीय, त्यामुळे माहिती अधिकारी नकार द्यायला तेच पुढं करतील. तेव्हा अर्जातच कलम ८(२) चा उल्लेख कर, मोठं जनहित असेल तर माहिती देता येते असं ते कलम सांगतं.

दाद मागायची तर पोलीस पाटील नेमणुकीचे वाद मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, चालतात. मॅटचं खंडपीठ आपल्याला मुंबईचंच. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सातारा-सांगली त्यात येतात, पण आधी मॅट, मग तिकडं.

सुवर्णाताई, तुमच्याबद्दल. २००६ च्या उमादेवी निकालाने मागच्या दाराने आलेल्यांना कायम करता येत नाही असं ठरलं. तो निकाल मुळात वशिल्याच्या विरोधातच होता, पण सरकारं तीच ढाल करून माणसं वर्षानुवर्षं राबवून घ्यायला लागली. डिसेंबर २०२४ ला जग्गो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर स्पष्ट नाराजी दाखवलीय. तुमची ऑर्डर, पगाराच्या नोंदी, हजेरी सगळं जपून ठेवा.

जतकर_सुवर्णा

ठेवते सर. एक विचारू का, मी माझंच नाव यादीत कसं आलं हे मागितलं तर माझी ऑर्डर जाईल का?

मिरजेचा_वकील

ताई, खोटं धीर देत नाही, जाऊ शकते. तुम्ही स्वतः अर्ज टाकू नका. आरटीआय कुणीही टाकू शकतं, कारण सांगावं लागत नाही. एजन्सीबरोबरचा करारनामा, मनुष्यबळ मागणीचं पत्र आणि निवडीचे निकष, एवढं बाहेरच्या माणसाने मागायचं. निकषाचा कागद नसेल तर "उपलब्ध नाही" असं लेखी उत्तर येईल, आणि ते उत्तर फार कामाचं असतं.

तासगाव_एक्सप्रेस

मी टाकतो ताई. कार्यालयाचं नाव मेसेजमध्ये पाठवा, इथं लिहू नका.

सातारकर_अभी

वकीलसाहेब, काका, सगळ्यांचेच आभार. वहिनीशी बोललो. ती म्हणाली पद मिळो न मिळो, मला त्या ५ गुणांचं कारण कळलं पाहिजे, पोरगी मोठी झाल्यावर विचारेल की आई एवढा अभ्यास करून काय झालं. तिच्याच सहीने अर्ज करतोय. भाऊ जरा घाबरतोय, गावात राहायचंय म्हणतो, पण तो पण येईल बरोबर.

आणि कार्यकर्ता दादा, तुमच्यावर राग नाही. एक करा, पुढच्या वेळी तुमच्या साहेबांना सांगा की मुलाखतीचं रेकॉर्डिंग करा अशी मागणी त्यांनीच सभागृहात मांडावी. दारातली गर्दी आपोआप कमी होईल.

कार्यकर्ता_कोरेगाव

सांगतो. मानतील का ते माहीत नाही, पण तुमचा हा धागा वाचून दाखवतो त्यांना.

निवृत्त_अव्वल_कारकून

अभी, अर्ज असा लिही. "सर्व माहिती द्या" लिहिलंस तर मोघम आहे म्हणून परत पाठवतील. मुद्दे पाडून माग: तोंडी परीक्षेच्या समितीतील प्रत्येक सदस्याने दिलेल्या गुणांच्या मूळ तक्त्याची प्रत, त्या गावाच्या सर्व उमेदवारांचे लेखी व तोंडी गुण, समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, मुलाखतीआधीच्या महिन्यातल्या आवक नोंदवहीतल्या या पदाशी संबंधित नोंदी, आणि या पदाबाबत आलेल्या शिफारस पत्रांच्या प्रती. मूळ तक्त्याची प्रत्यक्ष पाहणी मागायला विसरू नको. झेरॉक्समध्ये पेन्सिलीची खूण दिसत नाही, मूळ कागद उजेडात धरला की दिसते.

दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लाव, दुसऱ्या प्रतीवर टपाल शाखेचा शिक्का आणि तारीख घे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच कार्यालयात पहिलं अपील. अपिलाचा मसुदा मी लिहून देतो, वहिनीला सांग, काका बरोबर येतील.